राखणीची काठी आणि मुकी कुऱ्हाड

मला गोष्ट सांगता येत नाही, हे मी दहादा बजावलं. शिकलीसवरलेली माणसं गावात ढिगानं पडलीत, त्यांना धरा म्हटलं. पण नाही. म्हातारा दिसला की आणा धरून आणि बसवा पारावर. बरं, बसवलंतच तर गुमान ऐका. मधे कुणी ‘मग पुढं काय?’ म्हणालं, तर मी काठी उचलून घरी जाईन.

एका राज्यात, सात ओढ्यांच्या पलीकडे, एक राई होती. राजाची नव्हे, सरदाराची नव्हे. तीनशे साठ दारांची मिळून एक. ऐन, धावडा, बिबळा, बेहडा असे वृक्ष इतके दाट, की भरदुपारी सूर्याला वाट विचारत खाली उतरावं लागे. तिथला मध सगळ्यांचा, फळं सगळ्यांची, वाळली काटकी सगळ्यांची. आणि राखणही सगळ्यांचीच.

राखणीची एक काठी होती, तिवसाची, पुरुषभर उंच. सकाळी ज्या दारी काठी उभी, त्या घरानं त्या दिवशी राई राखायची. कुऱ्हाडीचा ठोका कानी आला की काठी आपटून हाळी द्यायची, मग सारा गाव धावे. सूर्य बुडाला की काठी शेजारच्या दारी. शेवटचं दार राजवाड्याचं. राजाचा आजा मुंडासं बांधून राखणीला बसे आणि कांदाभाकर खाई. त्यानं त्याचा मुकुट काही झिजला नाही.

पुढं गादीवर राजा तुंगसेन आला. गोंदाजी पाटील गावाला म्हणाला, “महाराजांना उन्हात बसवायचं? बरं दिसतं का ते?” सगळ्यांनी नंदीबैलासारख्या माना हलवल्या. राजाला कुणी विचारलंच नाही. तेव्हापासून राजवाड्याच्या पाळीला काठी गुपचूप पुढं नेत आणि पहिल्या घराच्या भिंतीला टेकवून ठेवत. म्हणजे एक दिवस काठी उभी, आणि राखण कुणाचीच नाही! याला म्हणे आदर. कामचुकारपणाला जरीची टोपी घातली की त्याचा आदर होतो.

ते पहिलं घर भिवराचं. राईच्या कडेला एकटी राहणारी, पळसाच्या पत्रावळ्या लावून पोट भरणारी बाई. हाताची चपळ, जिभेची तिखट. यंदा आपल्या पाळीच्या सकाळी काठी घेऊन ती राईत शिरली आणि मटकन खाली बसली. समोर चाळीस बुंधे, उघडे, पांढरेफटक. झाडं गायब.

गाव जमला. पाटील पुढं झाला.

“भिवरे, तुझ्या पाळीत चाळीस झाडं गेली.”

“बुंध्याला बोट लावा पाटील. चीक वाळलाय. झाडं काल पडली.”

“काल पाळी कुणाची होती?”

तीनशे एकोणसाठ दारांना एकाच वेळी खोकला आला. राजाचं नाव कोण घेणार?

“कुणाचीच नाही, म्हणजे तुझीच,” पाटील म्हणाला. “निवाडा होईतो काठी तुझ्यापाशी राहू दे. परवा सूर्य बुडायच्या आत चोर दाखव. नाहीतर तुझ्या दारी काठी पुन्हा उभी राहणार नाही.”

ज्या दारी काठी नाही, त्या दाराला राई नाही. पान नाही, मध नाही, काटकी नाही. बाईला उपाशी मारायची ही सभ्य रीत.

भिवरा मोठ्या बेहड्याखाली जाऊन बसली. “मी राईच्या कडेला राहते. चाळीस झाडं पडली आणि माझ्या कानांना पत्ता नाही? बहिरी झाले की काय मी?”

“कान शाबूत आहेत तुझे. आवाजच नव्हता,” वरून धनेश पक्षी म्हणाला. त्या राज्यात धनेश बोलत. त्यात काही विशेष नव्हतं.

“म्हणजे काय रे?”

“मुंड्या डोंगरावरचा मुकाट्या मांत्रिक आला. राखण नाही असं बघून त्यानं कुऱ्हाडींचा आवाज काढून घेतला आणि भोपळ्यात भरून नेला. मग कुऱ्हाडी चालल्या, लोणी कापावं तशा.”

“चालवल्या कुणी?”

“माणसांनी. मला माणसं सारखीच दिसतात. सगळ्यांच्या चोची आखूड.”

“आणि तू गप्प बसलास होय, मोठ्या चोचीच्या?”

“माझी कारभारीण या बेहड्याच्या ढोलीत कोंडून अंड्यांवर बसलीय. दिवसातून वीसदा उंबरं आणून भरवावी लागतात. ओरडू कधी? आणि तो चुना बघ.”

भिवरानं पाहिलं. बेहड्याच्या खोडावर चुन्याची फुली होती. पुढचा नंबर त्याचाच. ती उठली, पदर खोचला, काठी घेतली. “मी येईतो राख. माणूस दिसला की डोक्यावर उंबर टाक.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुंड्या डोंगरावर पोचली. तिथं गवताची काडी नाही, पाखरू नाही, आवाज तर नाहीच. भिवरा शिंकली, ती शिंकही ऐकू आली नाही. गुहेत भोपळ्यांच्या ओळी टांगलेल्या. एकात कुणाचं घोरणं, एकात सासवा-सुनांचं भांडण, आणि सगळ्यांत मोठ्यात कुऱ्हाडींचा आवाज. मुकाट्या मांत्रिकानं एक चिमुकला भोपळा उघडला. त्यातून दोघांपुरता आवाज बाहेर आला.

“बाई, का आलात?”

“आमचा आवाज न्यायला.”

“तीन कामं करा, मग बोलू. अंगणात हजार ओंडके आहेत. त्यातले तुमच्या राईचे वेगळे काढा.”

भिवरा वाकली आणि एकेक ओंडका हुंगत गेली. राईच्या लाकडाला मधाचा वास येतो. पिढ्यान्‌पिढ्यांची मोहोळं त्यात मुरलेली. उन्हं डोक्यावर यायच्या आत तिनं पाच ओंडके बाजूला काढले. मुकाट्याचा चेहरा पडला. हे पाच त्याला मेहनताना म्हणून मिळाले होते.

“आता माझ्या कुऱ्हाडीला लाज आणून दाखवा.”

भिवरा कुऱ्हाडीपुढं उकिडवी बसली. “काय गं, तुझा दांडा कुठल्या लाकडाचा? ऐनाचा ना? त्याची आई माझ्या घरामागं उभी होती. परवा तीही तुटली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते तुलाच गं!” दांड्याला घळघळा डिंक आला. दांडा पात्यातून सुटला आणि भिंतीकडे तोंड करून निजला.

“तिसरं काम,” मांत्रिक म्हणाला, आणि आता त्याचा आवाज जरा बारीक झाला होता. “काठीवर हर दाराची मूठ दाखवा.”

त्यानं काठीवर फुंकर मारली. काठीभर मुठी उमटल्या. कष्टाच्या, म्हातारपणाच्या, मेंदी लावलेल्या. भिवरानं मोजल्या. तीनशे एकोणसाठ.

“चुकलेल्या दारानं खरी राखण केली, तर मूठ उमटेल आणि भोपळा आपोआप फुटेल,” मुकाट्या हसला. “पण ते दार तुम्ही ठोठावणार नाही. तुम्हा लोकांना आदर फार.”

“आदर गेला चुलीत,” भिवरा म्हणाली आणि डोंगर उतरली.

तिसऱ्या दिवशी उजाडताच काठी राजवाड्याच्या दारी उभी. राजा तुंगसेन नव्याकोऱ्या झोपाळ्यावर झोके घेत होता. पाटलानं कालच नजर केलेला झोपाळा. भिवराच्या नाकाला मधाचा वास आला. पण नाकाची साक्ष दरबारात कोण मानतो?

“महाराज, आपली पाळी आहे.”

“कसली?”

“राखणीची. सात वर्षं चुकली.”

राजा उठून उभा राहिला. “आम्हाला कुणी सांगितलं नाही.”

“कुणी विचारलं तरी का महाराज, आजोबांची काठी कुठं गेली म्हणून?”

राजानं जरीचे जोडे काढले आणि काठी घेतली.

राखण सोपी वाटते लोकांना. पहिल्या प्रहरी राजाला मुंगळे चावले. दुसऱ्या प्रहरी धनेशानं, माणूस दिसला म्हणून, मुकुटावर उंबर टाकलं. भर दुपारी राजा म्हणाला, “आम्ही जेवून येतो.”

“पाळी म्हणजे पाळी,” भिवरा म्हणाली, आणि पदराची भाकर अर्धी मोडून दिली. राजानं कांदा गुडघ्यावर फोडला. आजाची आठवण असावी, डोळे तरी कांद्यानं भरले नव्हते.

सूर्य कलला, पण मूठ काही उमटेना. भिवराचा जीव टांगणीला. इतक्यात चार गडी आले आणि बेहड्याला भिडले. कुऱ्हाड वर गेली. आवाज नाही, पण घाव खरा. ढोलीच्या फटीतून धनेशीची चोच तेवढी बाहेर. राजा धावला. अनवाणी, काट्याकुट्यांतून. खोडाला पाठ लावून त्यानं काठी आडवी धरली आणि आयुष्यातली पहिली हाळी दिली. “राईत चोर रे ऽऽ!”

काठीवर तीनशे साठावी मूठ उमटली.

मुंड्या डोंगरावर भोपळा फुटला. कोंडलेला आवाज सुटला आणि आपापलं लाकूड शोधत निघाला. खाड! खाड! खाड! पाटलाच्या गोठ्यातून खाड. पाटलाच्या माडीतून खाड. कडब्याच्या गंजीखालून तर असा कल्लोळ, की म्हशी दावं तोडून ओढ्यात जाऊन बसल्या. आणि राजवाड्यातला झोपाळा आपोआप हलत ओरडू लागला. खाड! खाड!

गाव धावून आला. गोंदाजी पाटील कानांवर हात ठेवून मधोमध उभा. मांत्रिकाला आवतण त्याचं, गडी त्याचे, आणि आदराची ती युक्तीही त्याचीच.

“भिवराबाई,” राजा सगळ्यांदेखत म्हणाला, “चोरीच्या लाकडावर आम्ही झोके घेतले. चुकलो.” त्यानं हात जोडले. मग गावानं जोडले, कारण माना त्यांनीही हलवल्या होत्या. शेवटी पाटलानं जोडले. त्याला शिक्षा झाली: चाळीस बुंध्यांशेजारी चाळीस रोपं लावायची आणि ओढ्याचं पाणी स्वतःच्या खांद्यावर वाहायचं, रोपं त्याच्यापेक्षा उंच होईतो. पाटील उंचीनं बराच होता.

मुकाट्याचे बाकीचे भोपळेही तडकले. कानात मेण घालून तो पळाला, तो अजून पळतोय. बेहड्याच्या ढोलीतून दोन पिल्लं निघाली, बापासारखीच उर्मट. संध्याकाळी काठी भिवराच्या दारी उभी राहिली, आणि सकाळी ती राईत गेली, पळसाची पानं आणायला.

तर अशी ती गोष्ट. तिथं राजानं माफी मागितली, पाटलानं मागितली. इथं माझ्या बांधावरची बाभूळ रातोरात कुणाच्या वखराचं आडवं दिंड झाली, ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. त्याची माफी अजून यायचीय. बबन्या लोहकरे, मागच्या रांगेत लपू नकोस, तुलाच म्हणतोय.