घावनाचा तवा आणि ठकी मांजर

चुलीजवळच्या भांड्यांना बोलता येत होतं, त्या काळची ही गोष्ट. द्वारकाकाकूंनी बाजारातून बिडाचा नवा तवा आणला. पहिलं घावन घातलं, ते चिकटूनच बसलं. दुसऱ्याच्या चिंध्या झाल्या. त्या चिंध्या काकूंच्या ठकी मांजरीने मिटक्या मारत खाल्ल्या.

तवा रडवेला झाला. "माझ्याच्याने अख्खं घावन होणे नाही."

"नाहीच होणार," ठकी मिशा पुसत म्हणाली. "फाडण्यात मात्र तुझा हात कोणी धरणार नाही. उगाच जीव कशाला जाळतोस?"

तव्याला ते पटलं. पण काकू हटेनात. अर्ध्या कांद्याने रोज त्याला तेल चोळायच्या आणि म्हणायच्या, "तापत राहा, बाबा. जळलेलं तेलच अंगात मुरतं, मग काही चिकटत नाही."

'म्हणजे इतक्या दिवसांचं जळणं फुकट नाही गेलं!' तवा मनात म्हणाला आणि नेटाने तापत राहिला.

एका सकाळी चर्र आवाज झाला. काकूंनी उलथनं सरकवलं आणि जाळीदार घावन अख्खंच्या अख्खं उठून ताटात गेलं.

ठकीने रिकामी जमीन हुंगली. मग तव्याकडे काळजीने बघत ती म्हणाली, "काय रे, आज बरं नाही का तुला?"