रिक्त संचाचा क्रमांक

“यात चूक कुठे आहे, सर?”

केरकर सरांनी कळ दाबून पहिलं प्रकरण लावलं.

शाल्मलीला वाटलं होतं, सर शाबासकी देतील. नॉर्वेतली नोकरी सोडून ती आजऱ्याला आली होती, ती या अंध शिक्षकाकडे शिकायला. अंध मुलांना गणित शिकवावं ते यांनीच, असं तिनं ऐकलं होतं. सरांची अट एकच होती. “माझं पुस्तक संगणकावर उतरव. मुलांना ते नीट ऐकता आलं, तर तुला ठेवून घेईन.”

चाळीस दिवसांत तिनं तीनशे पानं उतरवली. आणि सर पहिल्याच प्रकरणाशी अडून बसले होते.

त्यांनी पुन्हा कळ दाबली. संगणक मोठ्यानं वाचू लागला. “संचाचे घटक महिरपी कंसात लिहितात. ज्यात एकही घटक नाही तो रिक्त संच. त्याचं चिन्ह, ओ.”

“कुणाला ओ देतोय गं हा?”

शाल्मली स्क्रीनकडे वाकली. “पण चिन्ह बरोबर आहे, सर. गोल, आणि त्यावर तिरकी रेघ. हे बघा ना...” तिनं जीभ चावली.

“बघतो की. कुठून आणलंस ते?”

“माझ्या कीबोर्डवर आहे. नॉर्वेत ते... अक्षर आहे.” तिचा आवाज उतरला. “संगणकात प्रत्येक चिन्हाला क्रमांक असतो, रिक्त संचाचा वेगळा. संगणक आकार ओळखत नाही, क्रमांक ओळखतो. पण दोन्ही दिसतात अगदी सारखी, सर.”

“कुणाला?”

“एका आज्ञेत सगळी चिन्हं बदलते,” ती घाईनं म्हणाली. “पाच मिनिटांचं काम.”

“चौथ्या प्रकरणात तुझ्या नॉर्वेच्या गणितज्ञांची नावं आहेत, मूळ लिपीत. त्यांतही हे अक्षर असणारच. त्या बिचाऱ्यांच्या नावात रिक्त संच बसवणार?”

शाल्मलीला हसू आलं नाही.

सर उठले. खांद्यावरचा पंचा काढला, चाचपत पुढे झाले आणि तो स्क्रीनवर टाकला.

“आता दाखव.”

बाहेर ओसरीवरून मुलांच्या काठ्या टकटकत गेल्या. तिला काहीच दाखवता येईना. थोडा वेळ वाट पाहून सर निघून गेले.

सकाळी पंचा तसाच होता. तो काढायला तिनं हात पुढे केला...

आणि मागे घेतला.

ती पहिल्या पानापासून ऐकायला बसली. जिथे “ओ” ऐकू येईल तिथे थांबायचं. रिक्त संच असेल तर त्याचा क्रमांक घालायचा, नाव असेल तर हात लावायचा नाही. पुन्हा ऐकायचं, मग पुढे जायचं. लागू देत आणखी चाळीस दिवस.

“काय चाललंय?” सर दारात उभे होते.

“ऐकतेय, सर.” तिनं संगणकाचा आवाज थांबवला. “इतकी वर्षं लांब जाऊन शिकले. हातात काहीच नाही.”

सर खाली बसले. मुलं बोटानं आकार गिरवत, ती वाळूची पाटी त्यांनी तिच्याकडे सरकवली. तळव्यानं वाळू सपाट केली.

“मग महिरपी कंस काढ,” ते म्हणाले. “आणि आत काही लिहू नकोस.”