वीतभर राहिलेला बॉल

"मग अजून काय राहिलंय, बाई?"

केतकीने परत विचारलं. दिघेबाई वेताच्या खुर्चीत बसून संत्रं सोलत होत्या.

मी तिथेच, गोल्फ मैदानाच्या सरावाच्या ग्रीनवर उकिडवी बसून खुरप्याने तण काढत होते. ग्रीन म्हणजे होलाभोवतीची ती गुळगुळीत हिरवळ. तिच्यावर चप्पल घालून पाय ठेवला की साहेब लोक असे ओरडतात, जसा काही त्यांच्या ताटात पाय पडला. सांगायचं ते एवढंच, की जे झालं ते माझ्या डोळ्यांसमोर झालं. कोणी वेगळं सांगितलं तर ऐकू नका.

केतकी निंबाळकर फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून बाईंकडे गोल्फ शिकली. मग अमेरिकेतल्या कॉलेजात गेली आणि तिथे जिंकली. परत आल्यावर आपल्या देशातली अमॅच्युअर स्पर्धाही जिंकली. हा खेळ हौसेने खेळतात ते अमॅच्युअर, पोटासाठी खेळतात ते प्रो. केतकीला आता प्रो व्हायचं होतं. संध्याकाळच्या गाडीने निघायचं, उद्या नाव द्यायचं. एकदा नाव दिलं की हौसेच्या स्पर्धांचं दार बंद.

सगळे हो म्हणाले होते. वडील, तिकडचे कोच, पेपरवाले. एकट्या बाई राहिल्या होत्या, आणि पोरीला होकार हवा होता तो त्यांचाच.

तिने चांदीचा कप आणला होता. बाईंच्या पायाशी ठेवला.

"बघा तरी."

बाईंनी बघितलं. हातातली संत्र्याची सालं त्यात टाकली.

"बाई!"

"काय झालं? रिकामा होता."

केतकीचे कान लाल झाले. "तिकडे कॉलेजच्या भिंतीवर माझं नाव लिहिलंय. सोनेरी अक्षरांत."

"भिंतीला ओल येते का?"

"…नाही."

"मग राहील."

मला हसू आलं. केतकी माझ्यावर घसरली. "सुभद्रामावशी, तुम्ही तुमचं काम करा."

"करतेच आहे. कान काय खुरप्याने कापून ठेवू?"

बाईंनी संत्र्याची फोड तोंडात टाकली. चावली. बी काढून तीही कपात टाकली.

"पटर आहे बॅगेत?"

"आहे."

"मार. त्या टोकापासून."

ते टोक वाईट. मधे चढ आहे, आणि चढ संपता संपता जमीन आडवी झुकते. भले भले तिथून मारतात आणि बॉल पार खालच्या वाटेवर जातो. केतकीने पटर काढला, म्हणजे ग्रीनवर बॉल ढकलायची ती चपट्या तोंडाची काठी. बॉल ठेवला, एकदा बघितलं आणि मारला.

बॉल सावकाश चढला. थांबतो की काय वाटलं, तोवर वळला. संध्याकाळी गाय कशी कोणी न हाकता घराकडे वळते, तसा वळला. होलापाशी आला… आणि वीतभर अलीकडे थांबला.

माझं खुरपं हातातच राहिलं. त्या टोकापासून असा बॉल आलेला मी पाहिला नव्हता.

केतकीलाही ते माहीत होतं. मान वर करून चालत आली, वाकली, बॉल उचलला आणि खिशात टाकला.

"का उचललास?"

"वीतभर तर राहिला होता."

"कोणी दिला?"

हे सांगायला हवं. दोघी समोरासमोर खेळतात त्या सामन्यात असं असतं. बॉल होलाच्या अगदी तोंडाशी आला की समोरची म्हणते, "दिला." म्हणजे पडला असं धरायचं, मारायचा नाही, उचलायचा. मोठेपणा असतो तो. सरावाला तर सगळेच एकमेकांना देतात. प्रो लोकांच्या रोजच्या खेळात हे नाही. तिथे पडला तोच पडला.

"इथे कोण देणार?" केतकी हसली. "तुम्ही आणि मीच तर आहोत."

"मी नाही दिला."

"मीही नाही," मी म्हटलं.

केतकीने माझ्याकडे असं बघितलं की दुसरी असती तर उठून गेली असती. मी नाही उठले. माझं तण राहिलं होतं.

तिने बॉल काढला, परत जागेवर ठेवला. एका हातात पटर, दुसरा हात कमरेवर. दुसरीकडे बघत टिचकी मारावी तसा मारला.

बॉल होलाच्या काठाला लागला. काठाकाठाने अर्धा फिरला… आणि बाहेरच राहिला.

लांब परेडच्या मैदानावर शिट्टी वाजली.

"वाऱ्याने…" केतकी म्हणाली.

झाडाचं पान हलत नव्हतं.

"फायनलचा शेवटचा बॉल कसा पडला?" बाईंनी विचारलं.

"पडला नाही. समोरचीने दिला. टोपी काढून हात पुढे केला."

"केवढा राहिला होता?"

केतकी खाली बघत राहिली. "…एवढाच."

मग ती मटकन गवतावर बसली. नवी कोरी पांढरी पँट, तिचीही पर्वा नाही.

"बाई, मी केवढीशी होते हो. तेव्हापासून तुम्ही म्हणताय, खांदा बघ, मान बघ, पाय बघ. एकदा, एकदा तरी चांगलं म्हणालात? तिकडे उठसूट म्हणतात. चहा सांडला नाही तरी शाबास म्हणतात. मी जिंकले की खोलीवर जाऊन फोन हातात धरून बसायचे. तुमचा येईल म्हणून."

"मला फोन लावता येत नाही."

"येतो लावता."

"…येतो."

"मग?"

बाई फोडीच्या शिरा काढत बसल्या.

"एकदा म्हणा. तयार आहेस, एवढंच. मी जाते मग. नाहीतर नको जाऊ म्हणा. तेही चालेल. पण असं तोंड शिवून बसू नका!"

बाईंनी उरलेलं संत्रं मांडीवर ठेवलं. रस पार मनगटापर्यंत ओघळला होता. पदराने पुसला.

"माझाही दिला होता."

"काय?"

"फायनलचा शेवटचा बॉल. ह्याच मैदानावर, त्या शेवटच्या ग्रीनवर. समोर ब्रिगेडियरसाहेबांची बायको. म्हणाली, दिला. टाळ्या वाजल्या. कप मिळाला."

"मग?"

"मग काय? पुरुष प्रो व्हायचे. आम्ही साडी बदलून बक्षीस घ्यायचो आणि घरी जायचो. त्यापुढे वाटच नव्हती. तो माझा शेवटचा बॉल, हे मला कुठे माहीत होतं…"

त्यांनी लांब त्या ग्रीनकडे बघितलं.

"तो मी उचलला, केतकी. खिशात टाकला. होलात पडल्याचा आवाज झालाच नाही."

केतकी बघतच राहिली.

"अजून भाजी चिरता चिरता हात थांबतो. वाटतं, आता पडेल."

बाई रोज संध्याकाळी शेवटच्या ग्रीनपाशी उभ्या राहतात. मी कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, गुडघे दुखतात म्हणून दम घेतात. मेलं आपल्यालाही दुसऱ्याचे गुडघेच दिसतात.

केतकी उठली. काठावरचा बॉल उचलून परत त्याच जागी ठेवला, होलापासून वीतभर. या वेळी दोन्ही हातांनी पटर धरला. पाय लावले, मान खाली, खांदा सैल… अगदी फ्रॉकमध्ये असताना बाईंनी लावून दिले होते तसे.

एवढासा बॉल. मी पायाच्या अंगठ्याने ढकलला असता. पण तिच्या कपाळावर घाम आला होता आणि तो पुसायलाही तिने हात सोडला नाही.

"सुभद्रा, खुरपं ठेव."

मी ठेवलं.

बाईंनी चष्मा काढला. डोळे मिटले. मान जराशी कलती केली, होलाच्या बाजूला.

केतकीने मारला.

आमच्या सरावाच्या ग्रीनवर होलात अजून जुने पत्र्याचे डबे आहेत. बदलायचे बदलायचे म्हणतात, कोणी बदलत नाही.

टण्ण…

आतल्या आत बॉल एकदा गरगरला आणि बसला.

बाहेर रस्त्यावर केतकीच्या गाडीने हॉर्न दिला. स्टेशन लांब आहे, वेळ होत आली होती. केतकी जागची हलली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बाई… निघायला हवं. आता तरी म्हणा."

बाईंनी डोळे उघडले नाहीत.

"बोलू नकोस… अजून एकदा पाड."