सहाव्या थाळ्याची जागा

मुलांनो, आणि मुलांच्या आजोबांनो, तुम्हीही ऐका. समुद्रातल्या बेटांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट.

एका बेटावर डोंगरउतारावर भाताची खाचरं होती आणि गावात काशाचे सहा थाळे होते. सहा जणांनी गोल बसायचं, थाळा गुडघ्यावर घ्यायचा आणि तळहाताने वाजवायचा. प्रत्येकाचा ठोका वेगळा, ज्याचा त्याने मारायचा. वाजवणारा मेला, की वर्षभर त्याची जागा रिकामी राहायची. त्याच्या ठोक्याला सगळे गप्प बसत आणि एक म्हातारी नाकाने बांबूची बासरी वाजवी. तोंड खोटं बोलतं, नाकातला श्वास खोटं बोलत नाही. म्हणून त्या सुरावर मेलेला येतो आणि आपला ठोका वाजवून जातो, असं गाव मानायचं.

तायाबान आणि त्याचा थोरला भाऊ, दोघेही त्या सहा जणांतले. त्या वर्षी थोरला गेला. भाऊ होता तोवर गाव त्याचंच कौतुक करी, तायाबानकडे कुणी ढुंकून पाहत नसे. हे त्याला आतून खात होतं.

कापणीच्या सणाला भर दुपारी सगळे बसले. भावाच्या ठोक्याची वेळ आली. म्हातारीने बासरी नाकाला लावली, आणि तायाबानने भावाचा थाळा दुसऱ्या गुडघ्यावर ओढून स्वतःच ठोका मारला. मग दोन्ही हातांनी दोघांचे ठोके. लोक बघतच राहिले. तायाबानला आनंद मावेना.

म्हातारीने बासरी खाली ठेवली. "अरे, तो येऊन उभा आहे. त्याला बसू दे."

"मला तर कुणी दिसत नाही, आजी," तायाबान हसला.

"मग आता तो बसणार तरी कुठे?"

तायाबानने आपल्या थाळ्यावर थाप मारली. वाजला भावाचा ठोका. त्याने हात आवरला, तरी ठोका वाजतच राहिला. तो त्याच्या छातीतून येत होता.

भावाची बायको धावत आली. तायाबानकडे पाहून ती रडत म्हणाली, "आलात तुम्ही!"

"वहिनी, मी तायाबान!" त्याला ओरडायचं होतं. पण तोंडातून निघालं, "आलो गं."

गाव आता त्याची वाहवा करू लागलं, भावाच्या नावाने. पुढच्या कापणीला, तायाबानच मेला असं धरून, गावाने त्याची जागा रिकामी ठेवली. त्याच्यासाठी म्हातारीने नाकाला बासरी लावली. त्याच्या ठोक्याची वेळ आली. भावाच्या जागी बसलेल्या तायाबानने आपला ठोका मारायला हात उचलायचा फार प्रयत्न केला. हात उचललाच गेला नाही.

तात्पर्य: दुसऱ्याची जागा बळकावणारा स्वतःची जागा गमावून बसतो.