पहिल्या ब्लॉकमधलं नाव

“म्हणजे ही साखळी कुणाच्या बापाला खोटी करता यायची नाही?”

खैरमोडे सरांनी असं विचारलं, तसा सुयोग मोहिते खुर्चीत ऐसपैस टेकून बसला. याच प्रश्नाची तर तो वाट बघत होता.

“नाही सर. प्रत्येक ब्लॉकमध्ये, म्हणजे नोंदीच्या कप्प्यात, आधीच्या ब्लॉकचा ठसा असतो. मागचं एक अक्षर जरी हललं, तरी पुढचे सगळे ठसे बोंब मारतात. आणि हे सगळं साध्या जावास्क्रिप्टमध्ये!”

कराडात एसटी स्टँडमागं, आपल्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीत सर प्रोग्रॅमिंग शिकवायचे. दोघांनी मिळून एक काम करायचं, ही त्यांची रीत. ब्लॉकचेन झाली की पहिल्या ब्लॉकमध्ये बनवणाऱ्यांची नावं घालायची आणि खाली सरांचं. पुण्यातल्या एका कंपनीचे साहेब सरांच्या शब्दावर मुलं घ्यायचे. आज सर सुयोगसाठी फोन करणार होते. वर्षभर घरी बसून बापाचे टोमणे खाल्लेलं पोर ते, त्याचा सगळा जीव त्या फोनवर.

“पहिला ब्लॉक उघड.”

सुयोगनं उघडला. बनवणारा : सुयोग मोहिते. मार्गदर्शक : खैरमोडे सर.

“नूतन कुठंय?”

नूतन म्हणजे शेवाळ्यांची, या कामातली त्याची जोडीदार. सकाळी डेअरीला दूध घालून तशीच क्लासला यायची. सुयोगच्या चुका त्याच्याआधी तिला दिसायच्या.

“तिचं लग्न ठरलं ना सर. घरच्यांनी क्लास बंद केला. म्हणून काढलं नाव. आता नाव असून तिला काय करायचंय?”

सरांनी पडद्याकडे बोट दाखवलं.

मग म्हणाले, “तपासणी चालव.”

सुयोगनं बटण दाबलं. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली : साखळी शाबूत.

“नाव गेलं, तरी शाबूत?”

“ते सोपंय सर!” सुयोगचा चेहरा फुलला. “सगळी साखळी माझ्याच लॅपटॉपवर. पहिल्यापासून शेवटपर्यंत ठसे नव्यानं काढणारं एक लूप लिहिलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत काम फत्ते. कुणाला पत्ताही…”

तिथंच त्याची जीभ अडली. आपण काय बोलून बसलो, ते आत्ता कुठं त्याच्या कानात शिरलं होतं.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला…

मग फोन उचलला.

“खैरमोडे बोलतोय. हो, तोच मुलगा. कामाला पक्का आहे. तेवढंच सांगतो… घ्या.”

सुयोग लगबगीनं उठून सरांच्या पायाशी वाकला.

सरांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

“सर…?”

सरांनी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

“आता माझं नाव काढ. लूप आहेच तुझ्याकडे.”