कल्हईवाल्याचं चकचकीत पाणी

फार पूर्वी, काच फक्त राजवाड्यातच दिसायची तेव्हाची ही गोष्ट. एका राणीला मासे पाहायची भारी हौस. तिनं दोन मोठ्या काचपेट्या घडवून घेतल्या आणि दवंडी पिटवली, "जो पेटीत मासे आणि पाणवनस्पती जगवून दाखवील, त्याच्या हाती राजवाड्याचं तळं सोपवीन, तळ्याकाठचं घरही देईन. मुदत दोन महिने."

दोघं पुढे आले. एक होता कल्हईवाला. त्यानं घासलेल्या पातेल्यात तोंड दिसायचं. दुसरी म्हातारी भोईण. तिचं नदीकाठचं खोपटं पुरात वाहून गेलं होतं, त्यामुळे त्या घरावर तिचा फार जीव होता.

कल्हईवाल्यानं वाळू सात पाण्यांनी धुतली, झाडांचं पान न् पान पुसलं आणि त्याच दिवशी वीस मासे सोडले. पाणी आहे की नाही, हेच कळेना! लोक वाहवा करू लागले.

भोईणीनं जुन्या डबक्यातली वाळू आणली, शेवाळलेले दोन दगड ठेवले, झाडं रोवली, पाणी भरलं आणि नुसती बसून राहिली. पाणी गढूळ झालं, मग आपोआप निवळलं. तरी मासा एक नाही.

"काय आजी, मुहूर्त बघताय का?" कल्हईवाल्यानं चिडवलं.

"मुहूर्त पाणीच सांगतं, बाबा. ओल्या सारवणावर कुणी पाहुण्याला बसवतं का?"

पंधराव्या दिवशी राणी आली. "आजी, पेटी रिकामीच? आज माझ्याकडे पाहुणे येणार आहेत. आत्ताच्या आत्ता दहा मासे सोडा, नाहीतर तळं विसरा."

म्हातारीचं घर हातचं जात होतं. पण ती म्हणाली, "राणीसाहेब, आज सोडले तर आजच्यापुरते दिसतील. तळं नका देऊ. पण चार घटकांच्या शोभेसाठी मी जीव मारायची नाही."

राणीला राग आला, पण मुदत तिनंच दिली होती. ती तशीच माघारी गेली.

इकडे कल्हईवाल्याचे मासे पाण्यावर तोंडं काढून धापा टाकू लागले. तो घाबरला, आणि घाबरला की त्याला एकच सुचायचं, घासणं! सगळं पाणी उपसून त्यानं वाळू पुन्हा धुतली. त्यानं तर मासे मरू लागले. मग तो मेलेले गुपचूप काढायचा, नवे आणून सोडायचा आणि पुन्हा घासायचा.

महिन्यानं भोईणीनं तीन चिमुकले मासे सोडले. आठ दिवसांनी आणखी तीन. खाणं चिमूटभरच.

मुदत भरली आणि राणी पाहायला आली, तेव्हा भोईणीच्या पेटीत हिरवंगार रान होतं आणि त्यातून मासे मजेत हिंडत होते. कल्हईवाला उरलेले दोन मासे तांब्यात घेऊन तिच्याकडे आला. त्याचे डोळे भरले होते.

"आजी, मी इतकं स्वच्छ ठेवलं, तरी का गेले हो?"

"अरे, मासे पाणी खराब करतात. ती घाण पचवणारं काहीतरी वाळूत हळूहळू वाढतं. डोळ्यांना दिसत नाही, पण तू रोज तेच धुऊन टाकलंस."

राणीनं मान खाली घातली आणि तळ्याकाठच्या घराची किल्ली म्हातारीच्या हातात ठेवली. भोईणीनं कल्हईवाल्याचे दोन्ही मासे आपल्या पेटीत घेतले आणि त्याला मूठभर ओली वाळू दिली, "ही घे, आता नव्यानं सुरुवात कर."

सवयीनं तो ती वाळू धुवायला रांजणाकडे वळला. हात पाण्यापर्यंत गेला, तिथंच थबकला आणि त्याचं त्यालाच हसू आलं.

तात्पर्य: जीव आणण्याआधी त्याची जागा तयार होऊ द्यावी, घाईची लकाकी कुणाला जगवत नाही.