महाराजांच्या फोनचा पहिला घास

आंबेघाटच्या महाराजांना त्यांचा फोन रोज सकाळी एकच प्रश्न विचारायचा. "नवीन अपडेट आलं आहे. आता घ्यायचं की नंतर?" महाराज रोज 'नंतर'वर बोट ठेवायचे आणि न्याहारीला बसायचे.

एके दिवशी मात्र पंचाईत झाली. तलावाचं दार महाराजांच्या फोनवरून उघडायचं. ही दिवाण भास्करपंतांची हौस. पूर्वी दाराला लोखंडी चाक होतं, ते फिरवलं की पाणी सुटायचं; पण इतक्या सोप्या कामात दिवाणांना राज्याची शोभा दिसत नव्हती. त्या सकाळी महाराजांनी अंगठा टेकवला, तर पाण्याचं ॲप म्हणालं, "आधी फोन अपडेट करा."

पाट कोरडा पडला आणि दरबारात दोन तट पडले.

"घेऊन टाकावं, महाराज," दिवाण म्हणाले. "जग पुढे चाललंय."

"अजिबात घेऊ नये," सेनापती हैबतराव म्हणाले. "शेजारच्या राज्यातल्या आमच्या मेव्हण्यानं घेतलं, तर त्याच्या लग्नाचे सगळे फोटो उडाले."

"मग?"

"मेव्हणा खूश आहे, महाराज. बहीण माहेरी आली आहे."

फोटो उडाले हे ऐकून महाराजांचा चेहरा उतरला. त्यांनी पुन्हा 'नंतर' दाबलं. असं पुढेही रोज चाललं.

महाराजांच्या विड्याची पानं पानमळ्यातली केशर आणून द्यायची. एक दिवस तिच्या टोपलीत चारदोनच पानं निघाली, तीही पिवळी.

"एवढीच?" महाराज म्हणाले.

"पाट कोरडा हाय, सरकार. वेलींनी माना टाकल्यात."

"विचार चालू आहे. पाणी नंतर सोडू."

"त्यांना 'नंतर' म्हंजे काय ते कळत न्हाई, सरकार."

दरबारी खाली बघू लागले. महाराज हट्टी होते, आणि हट्टी माणसाला खरं बोललेलं झोंबतं.

"फार अक्कल आहे ना? मग तूच सोडव," ते म्हणाले. "मी अपडेट घेईन, पण माझ्या फोनमधलं काही जागचं हलता कामा नये. आणि हे मला अपडेट घेण्याआधी दाखवून दे. जमलं नाही, तर पुन्हा पाण्याचं नाव काढायचं नाही!"

 मळा केशरच्या आज्यानं लावलेला. आठवडाभरात पाणी मिळालं नाही, तर त्याचं सरपण होणार होतं.  मग तिनं विचारलं, "सरकार, आज न्याहारीला काय हुतं?"

"थालीपीठ. त्याचं काय?"

"पयला घास कुणी खाल्ला?"

"दौलतनं. रोज तोच खातो."

दौलत महाराजांचं अन्न आधी चाखून बघायचा. तो सिंहासनाच्या मागे उभा होता, पोट पुढे काढून.

"मग फोनचाबी पयला घास दौलतमामांनाच द्या की."

दरबारात कुजबुज झाली. दसऱ्याला महाराजांनी साऱ्या दरबाराला स्वतःसारखेच फोन वाटले होते. पण आंबेघाटचा रिवाज असा, की महाराजांच्या आधी कुणी नवं काही वापरायचं नाही. त्यामुळे दरबार महाराजांसाठी थांबला होता आणि महाराज दुसऱ्या कुणासाठी. त्यांच्या आधी तोंड घालायची परवानगी सगळ्या राज्यात एकट्या दौलतला होती, आणि त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

दौलतचं पोट आत गेलं. "थालीपिठाचं ठीक आहे, महाराज, पण हे..."

"घे," महाराज म्हणाले.

"जरा थांबा," केशर म्हणाली. "चाखायचं तर ताट सारखंच पायजे. सरकारांना जे जपायचंय, ते मामांच्या फोनमधीबी असाय हवं. त्याबिगर टिकलं का गेलं, कळायचं कसं?"

महाराज घुटमळले. मग हळूच म्हणाले, "एकच गोष्ट आहे." त्यांनी फोनवर खुडबुड केली आणि दौलतचा फोन टिंग वाजला.

दौलतनं डोळे मिटून 'आता' दाबलं. फोन काळा झाला. बराच वेळ काळाच राहिला. सेनापतींना तेवढ्यात डुलकी लागली. शेवटी पडदा उजळला, दौलतनं बोट लावलं आणि भरल्या दरबारात मागल्या वर्षी वारलेल्या आईसाहेबांचा आवाज आला. "बाबू, जेवलास का? आधी जेव. राज्य कुठं पळून जात नाही."

 महाराज रोज 'नंतर' का म्हणत होते, ते आता सगळ्यांना समजलं. महाराजांनी डोळे पुसले आणि ते लपवलंही नाही. पण हट्ट काही सुटला नाही.

"दौलतच्या फोनमध्ये आवाज राहिला," ते म्हणाले. "माझ्या फोनमध्ये राहील कशावरून? ते तू दाखवलं नाहीस. हरलीस, पोरी."

"आता दाखवायचं काय राह्यलं, सरकार?" केशर म्हणाली. "तुमच्या फोननं गिळला, तरी आईसाहेब दौलतमामांकडं हायेतच की."

महाराजांनी आपल्या फोनकडे बघितलं. मग दौलतच्या फोनकडे.

"म्हणजे चाखणं हे निमित्त होतं?"

"आवाज दुसरीकडं ठेवाय द्या म्हटलं असतं, तर दिला असता का?"

"मुळीच नसता दिला!" असं म्हणून महाराज हसत सुटले. इतके हसले की सेनापती दचकून जागे झाले आणि त्यांनी तलवार उपसली.

महाराजांनी 'आता' दाबलं. फोन पुन्हा उजळल्यावर त्यांनी आधी आईसाहेबांचा आवाज ऐकला. तो जागच्या जागी होता. मग त्यांनी पाण्याच्या ॲपवर अंगठा टेकवला आणि पाट वाहू लागला.

"माग, काय हवं?" ते म्हणाले.

"तलावाच्या दाराला ते जुनं चाक परत बसवा, सरकार. त्याला अपडेट लागत न्हाई."

महाराज पुन्हा हसले. "बसवलं. ते फिरवायचा मान तुझ्या घराण्याला. आणि दिवाणजी, चाकाला तेल तुम्ही घालायचं."

"घालतो, महाराज. नंतर..."

"आता," महाराज म्हणाले.